गाढवाची शेपटी

मुलांच्या चित्रपुस्तकासाठी मातीचं गाढव करायचं ठरलं, तेव्हा एक गाढव केलं की झालं, असा माझा हिशेब होता. चित्रकाराला पानागणिक तेच गाढव नव्याने काढावं लागतं. आपलं बरं, एकदा घडवा, भाजा आणि हवं तिथे उभं करा.

खरं गाढव कोण, ते आठवड्याभरात कळलं. भाजलेली माती मान वळवत नाही. मेणमातीच्या प्राण्याचा पाय उचलून पुढे ठेवता येतो. भट्टीतून निघालेलं गाढव मात्र जसं आत गेलं तसंच जन्मभर राहतं. म्हणजे झोपलेलं वेगळं, पळणारं वेगळं, रुसून बसलेलं वेगळं. चित्रपुस्तक बहुतेक ३२ पानांचं असतं. सुरुवातीची नावानिशीची पानं सोडली की गोष्टीला चौदाएक जोडपानं उरतात. चौदा गाढवं! आणि ती सगळी मिळून एकच वाटायला हवीत.

सगळ्यात छळलं ते कानांनी. धड आतून पोकळ करायचं, पोटाखाली टाचणीएवढं भोक ठेवायचं, म्हणजे आतली वाफ कोंडत नाही. माती चामड्यासारखी घट्ट झाली की कान बसवायचे. दोन्ही बाजूंना सुईने ओरखडे, त्यावर मातीची पातळ रबडी, मग अलगद दाबायचं. डोकं वाळलेलं आणि कान ओला असला, तर कान जास्त आकसतो आणि सांध्याशी चीर पडते. ओल्यापासून पुरतं भाजून होईपर्यंत माझी माती साधारण १२ टक्के आकसते. त्यामुळे एखाद्याचा कान मोडला, तर नव्या गाढवाचं माप भाजून झालेल्या भावंडावरून थेट घेता येत नाही. नवं गाढव थोरल्या भावासारखं दिसत असतं, आणि हे उद्या धाकटं होणार यावर विश्वास ठेवावा लागतो.

भट्टीचं तर विचारूच नका. पहिली भाजणी हजार अंशांच्या आसपास, झिलईची, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाची, त्याहून वर. निवताना ५७३ अंशांपाशी मातीतलं क्वार्ट्झ एकदम आक्रसतं, तिथे घाई केलेली चालत नाही. भट्टी भराभर निवली, की आतून ‘टिंग’ असा फार गोड आवाज येतो. तो सहाव्या जोडपानाचा असतो.

एवढं करून शेवटी काय, तर फोटो. चकचकीत झिलईवर दिव्यांचे पांढरे डाग पडतात, म्हणून अंगाला मंद झिलई दिली आणि चकाकी फक्त डोळ्यांपुरती ठेवली. दिव्याचा ठिपका बुबुळात उतरला आणि गाढव माझ्याकडे पाहू लागलं. (नाक मात्र नेमकं दोन पानांच्या घडीत गेलं. ते पुन्हा टिपलं.)

पाचव्या-सहाव्या गाढवापर्यंत मी शेपट्याही इमानेइतबारे केल्या, झुपक्यासकट. मग लक्षात आलं, कॅमेऱ्याला मागची बाजू दिसतच नाही. शेपटी म्हणजे मोडायला आणखी एक जागा! पुढच्या समोरून दिसणाऱ्या गाढवांना ती केलीच नाही, आणि या हुशारीवर मी खूशही होते.

नमुना प्रत हातात आली तेव्हा भाचीला मांडीवर घेऊन बसले. नवव्या जोडपानावर गाढव समोर तोंड करून उभं आहे. तिने त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत कागद. मग पान हळूच उलटून तिने मागे वाकून पाहिलं.

“मावशी, याची शेपटी कुठाय?”

“मागे आहे, दिसत नाही.”

“दाखव.”

सगळी गाढवं समोरच्या फळीवर ओळीने उभी होती, तोंडं आमच्याकडे करून. ती मांडीवरून उतरली, आणि मी घाईघाईने म्हटलं, “अगं थांब, आधी दहावं पान तरी बघ!”