उजवीकडे स्टिक, उजवं एलेरॉन वर

अंबडच्या शेडमध्ये भाच्याचं दोन सीटचं घरगुती विमान आता कंट्रोलच्या जोडणीवर आलंय. माझी उभी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून गेली, त्यामुळे तपासणी माझ्या गळ्यात पडली. मी एकच अट घातली: ज्याने बोल्ट आवळला त्याने तपासायचं नाही.

भाच्याचा जीव डिग्रीत. पंख लेव्हलला घ्यायचा, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची वर-खाली होणारी झडप) न्यूट्रलला, म्हणजे मधोमध, धरून त्यावर डिजिटल प्रोट्रॅक्टर (कोनमापक) शून्य करायचा, मग ड्रॉइंगप्रमाणे वर २५, खाली १५. खाली कमी, कारण खाली गेलेलं एलेरॉन हवेला जास्त अडतं आणि विमानाचं नाक वळणाच्या उलट बाजूला ओढलं जातं. पण डिग्री चोख आणि दिशाच उलटी, असंही होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये पोर्तुगालात एअर अस्ताना कंपनीचं एम्ब्रेअर विमान देखभाल करून उडालं, तेव्हा त्याच्या एलेरॉनच्या केबल उलट जोडलेल्या होत्या. वैमानिकांनी ते बेजाला उतरवलं, हे नशीबच.

म्हणून स्टिकवर, म्हणजे वैमानिकाच्या हातातल्या दांड्यावर, हिला बसवलं. मूठ धर, अंगठा ताठ ठेव. अंगठा कलेल त्या बाजूचं एलेरॉन वर गेलं पाहिजे. "उजवं वर, डावं खाली," ही मोठ्याने सांगत होती. भाचा मध्येच, "मामी, आता..." "तू गप्प रे, मला बघू दे!"

मग मी एलेरॉन हाताने दाबून धरलं आणि हिला जोर लावायला सांगितलं. एलेरॉन जागचं हललं नाही, स्टिक मात्र चांगली बोटभर सरकली. टॉर्च मारला तर मागच्या पुलीचा ब्रॅकेट दर जोराला झुकत होता. केबल ताठच होती. नुसतं प्रोट्रॅक्टरवर हे कधीच दिसलं नसतं. तिथे आता पाठीमागून जाड पट्टी रिव्हेट करतोय.

केबलवरून सुती फडकं फिरवलं, कुठे अडकलं नाही. तुटलेली तार असती तर धागा ओढला गेला असता. केबलचं टेन्शन मात्र तापमानासकट लिहून ठेवलंय. विमानाचा सांगाडा अॅल्युमिनियमचा, केबल पोलादाची, आणि अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. चार मीटरच्या केबलीला तीस अंशांच्या फरकाने साधारण सव्वा मिलिमीटरचा फेर पडतो, म्हणजे मे महिन्यात ताठ लागलेली केबल जानेवारीच्या पहाटे सैल. भाचा म्हणतो, "मामा, लॉकवायर मारून टाकू," म्हणजे जोड फिरू नये म्हणून तार बांधून टाकू. टर्नबकलबाहेर (केबल ताणायच्या आट्यांच्या जोडाबाहेर) तीनपेक्षा जास्त आटे दिसत नाहीत, तेवढं ठीक आहे. पण ब्रॅकेट झाल्यावर हीच सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून, आणि लॉकवायर त्यानंतरच.