३ जानेवारीची दुपार

सकाळी शाळेत सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार, नऊवारीत अडखळणाऱ्या छोट्या सावित्र्यांची भाषणं, आणि दुपारी चारला देवळाच्या सभामंडपात ताईंचा सत्कार. ताई म्हणजे अंगणवाडी सेविका. पण ‘सेविका’ हा शब्द फक्त निमंत्रणपत्रिकेवर, गावाच्या तोंडी ताईच. गावोगावच्या महिला मंडळांच्या वर्षाच्या हिशेबात हळदीकुंकवाच्या आधी या दुपारचा खर्च मांडलेला असायचा.

चारच का, हे एकदा फजिती झाल्यावरच कळायचं. सकाळी अकराला कार्यक्रम ठेवला की ताई पोरांचा गरम आहार, हजेरी, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अॅपवरची नोंद अर्धवट टाकून धावत यायच्या आणि हार गळ्यात असताना नजर मोबाइलवर. महिन्याच्या सुरुवातीला वजनं घ्यायची घाई वेगळीच. म्हणून तारीख पत्रिकेवर छापण्याआधी बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, पर्यवेक्षिका मॅडमना विचारून घ्यायचं. मीटिंग किंवा लसीकरणाचं सत्र असेल तर कार्यक्रम दोन दिवस पुढे. पल्स पोलिओच्या रविवारी तर नाहीच नाही.

दुसरी फजिती जास्त लाजिरवाणी. गावात कार्यक्रम म्हटला की सतरंज्या, रांगोळी, मुलांचं गाणं, पाहुण्यांना पाणी हे सगळं सवयीने ताईंच्याच गळ्यात पडतं. मग ज्यांचा सत्कार, त्याच चहाचे कप विसळताना दिसतात. जाणत्या मंडळांत नियम असा की त्या दिवशी ताई आणि मदतनीस मावशी पदर खोचणार नाहीत. पोहे मंडळाच्या बायकांनी करायचे: ८० माणसांना ६ किलो जाड पोहे, ३ किलो कांदे, पाऊण किलो शेंगदाणे, सव्वा लिटर तेल. चहाला ४ लिटर दूध आणि तेवढंच पाणी. पोहे बिघडतात ते भिजवताना. एवढे पोहे एकदम पातेल्यात बुडवले की खालच्यांचा लगदा होतो. चाळणीत दोन-दोन किलो घेऊन वरून पाणी सोडायचं, निथळू द्यायचे आणि परातीत पसरून ठेवायचे. आणि भाषणं लांबणारच हे धरून शेवटची फोडणी अध्यक्ष उभे राहिल्यावरच घालायची.

मानपत्राची गंमत नावात असते. गावात सगळे एका नावाने हाक मारतात, आधारकार्डावर दुसरंच. मदतनीस मावशींचं तर आडनावही कुणाला सांगता येत नाही. छापून आल्यावर चूक कळते आणि मग पांढरा कागद चिकटवून वर पेन. नावं ज्यांची त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची, छापण्याआधी दाखवायची. मजकुरात ‘देशाचे भवितव्य घडविणाऱ्या’ वगैरे असतंच. त्यापेक्षा रजिस्टरातल्या चार ओळी वाचल्या की सभामंडप शांत व्हायचा: यंदा किती मुलं पहिलीत गेली, किती गरोदर बायकांच्या घरी फेऱ्या झाल्या, किती बाळांचं लसीकरण पूर्ण झालं. एक पथ्य मात्र पाळायचं. कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजतात त्या पट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल रंगात गेलेल्या मुलाचं नाव माइकवर घ्यायचं नाही, ते बाळ सावरलं असलं तरी. आई समोर बसलेली असते.

भाषणात बहुधा एखादे निवृत्त गुरुजी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडची आठवण काढायचे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, ही ती कल्पना. अंगणवाड्या चालवणारी सरकारी एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ची, म्हणजे नंतरची. हे ऐकताना ताईंची मान जरा ताठ व्हायची.

भेटवस्तूंबद्दल स्पष्टच सांगायचं तर शाली पुरे. बारा-पंधरा वर्षं नोकरी झालेल्या ताईंच्या कपाटात शालींची चळत असते, आणि घडी मोडायला मुहूर्त नसतो. अंगणवाडीला झाकणाचा मोठा डबा दिला की डाळ-तांदूळ उंदरांपासून वाचतात, हे खरं. पण ती भेट अंगणवाडीला झाली, ताईंना नव्हे. त्यांना द्यायचं ते त्यांच्या घरी जाईल असं हवं. मानधनावर भागवणाऱ्या बाईला पाकिटातले पैसे शालीपेक्षा उपयोगी पडतात, आणि त्यात कमीपणा नाही. मावशींच्या पाकिटातली रक्कम ताईंएवढीच ठेवायची. ती कमी ठेवलेल्या वर्षाची कुजबुज पुढच्या जानेवारीपर्यंत पुरते.

सगळ्यात जपून ठेवली जाते ती हातांच्या ठशांची कार्डशीट. २२ बाय २८ इंची एका शीटवर २५ चिमुकले हात बसतात. आधी पेन्सिलीने चौकोन आखून खाली नावं लिहायची, नंतर लिहू म्हटलं की कुणाचा ठसा कुणाचा ते कळत नाही. पोस्टर कलर ताटलीतल्या ओल्या स्पंजवर घ्यायचा. थेट ताटलीत हात बुडवला तर बोटांचा नुसता डाग उठतो. तीन वर्षांची पोरं कागद दिसला की मूठ वळतात, त्यांची बोटं वरून एकेक दाबावी लागतात. बादली आणि जुना पंचा जवळ हवाच. हे काम रविवारी कुणाच्या तरी ओसरीवर गुपचूप उरकायचं. सोमवारी सकाळी अंगणवाडीच्या दारातच एखादं पोर निळा अंगठा पुढे करून ताईंना सगळं सांगून टाकायचं आणि ताई काही कळलंच नाही असं दाखवायच्या.

भाषणं लांबली की पुढच्या सतरंजीवर पोरं पेंगायची, आणि त्यातलं एक हमखास मावशींच्या मांडीवर असायचं. नेमकं तेव्हाच मावशींचं नाव पुकारलं जायचं. ठेवायला जावं तर पोर उठणार, म्हणून त्या त्याला खांद्यावर टाकूनच वर यायच्या. सरपंच क्षणभर घुटमळायचे आणि शाल दोघांच्या अंगावरून पांघरायचे.