नान्नजचा माळ आणि मामाचं कोकरू

मागच्या रविवारी कडाक्याच्या थंडीत पहाटेच सोलापुरातून निघालो आणि बार्शी रोडने नान्नजला मामाकडे गेलो. त्याची साठेक मेंढरं आहेत, आणि रात्री लांडग्याने एक कोकरू उचललं होतं. मामाने जागा दाखवली. जाळीची सुतळी एका ठिकाणी ताणून तुटलेली, तिला लोकरीचा पुंजका अडकलेला, खाली मातीत रक्ताचे दोन-चार थेंब. बस, एवढंच. भरपाईला पंचनामा लागतो आणि पंचनाम्याला मेलेलं जनावर दाखवावं लागतं. कोकरू तर लांडगा अख्खंच नेतो, मग दाखवायचं काय? मामा अर्ज द्यायलाही गेला नाही.

तासाभराने फोटोवाल्यांची गाडी आली. लांडगा कुठं दिसेल, म्हणून विचारलं. मामाने काठीने माळाची कड दाखवली, पण बीळ कुठल्या ओढ्याला आहे ते सांगितलं नाही. मला नंतर म्हणाला, "पिल्लं हायती आत. मान्सं गेली की मादी पिल्लं हलवती, थंडीत मरत्याती." गाडी वाट सोडून पवन्या गवतातून गेली. चाकांच्या दोन पट्ट्या उमटल्या. उन्हाळ्यात टिटवी, धाविक हे पक्षी अशाच उघड्या जमिनीवर अंडी घालतात. माळढोकही तसाच, आणि तोही वर्षाला बहुधा एकच अंडं.

त्या माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! गावं, शेतं, सगळं आत. जमिनीचे व्यवहार अडले आणि पक्षी लोकांना वैरी वाटू लागला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, पण तोवर द्राक्षबागांनी माळ बराच खाल्ला होता. मी शाळेत असताना माळढोक एकदाच पाहिला, लांबून, मान ताठ करून चालणारा. मामाच्या धाकट्या पोराने तो फक्त चित्रात पाहिलाय.

माझं म्हणणं साधं आहे. माळ ज्याला पाठ आहे तो मेंढपाळच इथला वाटाड्या असला पाहिजे, आणि गाडीमागे ठरलेले पैसे त्याच्या हातात पडले पाहिजेत. गाडी वाटेवरच थांबावी. आणि कोकरू गेलं तर तुटलेली जाळी, पायांचे ठसे हाही पुरावा धरावा.

अर्ज लिहून ठेवलाय. सोमवारी रजा काढून मामाला ग्रामपंचायतीत घेऊन जाणार आहे. लोकरीचा तो पुंजका त्याने कागदात बांधून ठेवलाय.