पाय हवेत धरू नका

"ताई, मावशी तर दुसऱ्याच दिवशी चालायला लागली होती!" भेटायला आलेला भाऊ म्हणाला. मावशीचा खुबा बदलला होता. माझ्या खुब्याची वाटी फुटली होती, आणि ती प्लेट-स्क्रू लावून जोडली होती. बदललेल्या सांध्यावर बहुतेकांना लगेच वजन देता येतं, जोडलेलं हाड मात्र आधी जुळून यावं लागतं. पुढचे तीन महिने हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला समजावत बसले.

गाडीच्या धडकेत गुडघा डॅशबोर्डवर आपटला आणि मांडीच्या हाडाचा गोळा वाटीची मागची भिंत फोडून बाहेर निसटला. तो सहा तासांच्या आत जागेवर बसवला, हे नशीबच. उशीर झाला की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटायची भीती वाढते. ऑपरेशन पाचव्या दिवशी झालं. तेवढं थांबलेलं चालतं. पण दोन-तीन आठवडे उलटले की तुकड्यांभोवती नवं हाड धरू लागतं आणि ते नीट बसवणं अवघड होतं. नंतर सर्जननी सीटी स्कॅनवर पेनचं टोक टेकवलं. "जोडलेल्या तुकड्यांमधली ही फट एक मिलिमीटरच्या आत आहे. तीनच्या वर असती तर एवढ्या खात्रीने बोललो नसतो." गोळ्यावरच्या कूर्चेला, म्हणजे त्याच्या गुळगुळीत अस्तराला, मात्र मार बसलाय, तो भरून येणारा नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. म्हणजे माझी भूल उतरायच्या आधीच निम्मा निकाल लागलेला होता.

उरलेला निम्मा माझ्याकडे, असं मी धरून चालले आणि पहिल्याच दिवशी चुकले. वॉकर धरून उभी राहिले ती दुखरा पाय वर उचलून. वाटलं, जितका जपू तितकं बरं. फिजिओ ओरडल्याच, "अहो, पाय हवेत धरू नका, टेकवा!" पाय अधांतरी धरायला खुब्याचे स्नायू आवळतात आणि तेच गोळ्याला वाटीत दाबतात, पाऊल हलकं टेकलं तर दाब उलट कमी होतो. त्यांनी घरचा वजनकाटा आणायला लावला. दहा किलोच्या वर जायचं नाही. मी अलगद टेकवला, असं मला वाटलं; काटा बावीसवर. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तोच खेळ, तेव्हा कुठे न बघता दहा जमायला लागलं.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात घ्यायच्या इंजेक्शनांची सवय झाली. भीती वाटली ती पावलाची. अंगठा वर उचलेना. खुब्याच्या मागून जाणारी नस अपघातातच चेपली होती. नसेचे धागे आतून तुटले असतील तर ते दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात, आणि खुब्यापासून अंगठा किती लांब आहे हे मी तेव्हा पहिल्यांदा मोजलं. पाऊल लोंबू नये म्हणून पट्टा बांधून झोपायचे. अंगठा किंचित हलला तो पाचव्या महिन्यात, तोही मला भास वाटला. नवऱ्याला बोलावून खात्री करून घेतली.

बारा आठवड्यांनी पूर्ण वजन द्यायची परवानगी मिळाली, पण चाल बदकासारखी. हाड जुळलं होतं, कुशीवरचा स्नायू झोपलेला होता. आरशासमोर दुखऱ्या पायावर एकटीने उभं राहायचं आणि दुसरी बाजू खाली झुकू द्यायची नाही, एवढाच व्यायाम. ऐकायला सोपा.

गोळ्याचा रक्तपुरवठा टिकला की नाही हे कळायला दोन वर्षं जाऊ शकतात, म्हणून एक्स-रे चालूच आहेत. काल आरशासमोर अकरा आकडे मोजेपर्यंत कंबर सरळ राहिली. बाराव्याला कलली.