उपयोग काय?

तत्त्वज्ञान शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘त्या अस्तित्ववादाचा घरात काही उपयोग होतो का हो?’ एरवी मी हसून विषय बदलते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

फ्रेंच अस्तित्ववादी लेखिका सिमॉन द बोव्हार म्हटलं की लोकांना १९४९ चं ‘द सेकंड सेक्स’ आठवतं, फार तर गाँकूर पारितोषिक मिळालेली ‘द मँडरिन्स’ ही कादंबरी. मी मात्र तिचं एक बारीकसं पुस्तक हातात ठेवते : ‘अ व्हेरी ईझी डेथ’, १९६४. विषय, आईचं मरण.

१९६३ च्या ऑक्टोबरात तिची म्हातारी आई बाथरूममध्ये पडली. खुब्याशी हाड मोडलं. सरपटत फोनपर्यंत पोचायला तिला दोन तास लागले. सिमॉन तेव्हा रोममध्ये. ती पॅरिसला आली, तपासण्या झाल्या आणि हाडाचं राहिलं बाजूला, आतड्यात कॅन्सर निघाला. एका नर्सने हळूच सांगितलं, ऑपरेशन करू देऊ नका. ऑपरेशन झालं. आईला सांगितलं, पोटात सूज होती.

म्हणजे बघा, माणसाने स्वतःला फसवू नये, आपल्या निवडीची जबाबदारी आपलीच, हा अस्तित्ववाद जन्मभर लिहिणारी बाई रोज आईच्या उशाशी बसून खोटं बोलतेय. आणि त्यावर तत्त्वज्ञानाचं पांघरूण घालत नाही, हे मला फार मोठं वाटतं. ऑपरेशनला नको म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही, हे ती लिहून टाकते. आई कट्टर कॅथलिक, पण त्या आजारात ती धर्मगुरूला बोलावत नाही. मुलगी त्याचा स्वतःच्या बाजूने पुरावा करत नाही, नुसती बघते. आईच्या मरणाने आपण एवढ्या कोलमडू असं तिला वाटलंच नव्हतं. एका रात्री तिला रडू फुटतं, ती सार्त्रशी, म्हणजे तिच्या तत्त्वज्ञ जोडीदाराशी, बोलत बसते, तेव्हा तो तिला सांगतो की तिच्या चेहऱ्यावर आता आईचं तोंड आलंय. त्या एका जागेसाठी मी तिचे जाडजूड ग्रंथ माफ करते.

तर उपयोग. आमच्या आप्पांचं निदान झालं तेव्हा हे पुस्तक माझं दोनदा वाचून झालं होतं. वर्गात त्यावर बोलूनही झालं होतं. तरी हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून मी फाइलमधला बायॉप्सीचा रिपोर्ट काढला, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि मग फाइल त्यांच्या हातात दिली. आप्पा पोस्टात कारकून होते. अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी कागद मोजले, पुन्हा मोजले.

“एक कमी आहे गं.”

“झेरॉक्सला दिलाय,” मी म्हटलं.

“असू दे,” म्हणाले आणि फाइलची नाडी बांधायला लागले. गाठ नेहमीसारखीच, पार्सलची.