काच की प्लायवूड

शनिवार, २३ नोव्हेंबर २०२४, खारकीव्ह, युक्रेन

सकाळी दहाला आईचा सांगलीहून फोन. तिकडे दीड वाजला होता, विधानसभेचे निकाल लागत होते, टीव्हीचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत. "महायुती सुटलीय नुसती," म्हणाली आणि त्याच दमात, "तुमच्या युद्धाला हजार दिवस झाले म्हणे मंगळवारी. बरे आहात ना गं?" बरे आहोत. लाइट? आहे सध्या. "आपल्याकडे नव्हतं का लोडशेडिंग? तसंच समजायचं." धीर मला देत होती की स्वतःला, कोण जाणे. मी आपलं हो म्हटलं.

गेल्या रविवारच्या हल्ल्यानंतर विजेचं वेळापत्रक पुन्हा सुरू झालंय. आज आमची पाळी नव्हती, तरी मी उठल्या उठल्या मशीन लावलं, बादल्या आणि टब भरला, राउटरची बॅटरी, पॉवर बँका, सासूबाईंचं बीपीचं यंत्र, सगळं चार्जिंगला. मार्चमध्ये पाच नंबरचं औष्णिक केंद्र आणि झ्मीव्हचं केंद्र एकाच पहाटे उडवलं, तेव्हापासून वेळापत्रकावर विसंबणं आम्ही सोडून दिलंय. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की सातव्या मजल्यावर पाणी बंद. आमच्या लिफ्टमध्ये कोणीतरी एक खोका ठेवलाय, अडकणाऱ्यांसाठी: पाणी, बिस्किटं, टॉर्च. बिस्किटं पोरं खाऊन टाकतात, आठवड्याभरात कोणीतरी पुन्हा भरतं. कोण, ते अजून कळलेलं नाही.

अकराला गेलीच. आणि स्वयंपाकघरात मिट्ट काळोख झाला, कारण तिथे खिडकी नाही, प्लायवूड आहे.

सप्टेंबरात चौकापलीकडे काब पडला. काब म्हणजे विमानातून सोडलेला, पंख लावलेला बॉम्ब. तो दूरवरूनच सोडतात, विमानाला इथवर यावंही लागत नाही. आमच्या स्वयंपाकघराची आणि झोपायच्या खोलीची काच गेली. माणसांना काही झालं नाही, कारण आम्ही सगळे दोन भिंतींच्या आत होतो. हा इथला नियम: पहिली भिंत धक्का खाते, दुसरी तुकडे अडवते. म्हणून मुलाचा पलंग पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडशेजारी. रशियाची सीमा इथून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर. पलीकडच्या बेल्गोरोदकडून सुटलेलं क्षेपणास्त्र मिनिटाच्या आत येतं, कधी कधी स्फोट आधी आणि सायरन मागून. तळघराकडे धावण्यात अर्थ नसतो. शाहेद ड्रोन त्या मानाने सोयीचं. खटारा मोपेडसारखं लांबून वाजत येतं, चहाचा कप खाली ठेवून पॅसेजमध्ये जाण्याइतका वेळ देतं.

स्फोटानंतर दोन तासांत महापालिकेची माणसं हजर. खराट्याने काचा ओढायचा तो आवाज इथे राहणारा कोणीही झोपेतही ओळखेल. दुपारपर्यंत फुटपाथ स्वच्छ, झाडाच्या बुंध्याशी काचांचे ढीग, आणि आमच्या खिडक्यांवर तक्ते ठोकलेले. पुढच्या आठवड्यात त्याच चौकात फुलझाडं लावायला गाडी आली. नवरा चिडला, ह्या पैशात किती खिडक्या झाल्या असत्या म्हणून. मला मात्र ते लोक आवडतात.

तर प्रश्न असा की हिवाळ्याच्या तोंडावर काच बसवायची की प्लायवूडच ठेवायचं. दोन महिने घरात हाच वाद. सासूबाईंचं म्हणणं, पुन्हा फुटणार, पैसे पाण्यात, शिवाय काच अंगावर येते, लाकूड येत नाही. गेल्या महिन्यात देर्झप्रोमवर काब पडल्यापासून त्यांना जोरच आलाय. १९२८ साली बांधून झालेली, शहराच्या मधोमध उभी असलेली एवढी थोरली इमारत, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतली. "तिच्या काचा टिकल्या नाहीत, तुझ्या टिकणार?" नवऱ्याचं म्हणणं, दिवसा उजेड हवा. मी त्याच्या बाजूने, कारण लाइट नसताना त्या खोलीत कांदा चिरणारी मी आहे. डोक्याला टॉर्च बांधून पोळ्या लाटते. कणकेवर आपलीच सावली पडते आणि पोळी कच्ची की भाजली ते वासावरून ठरवायचं.

आणि मुलाचं काय? तो दुसरीत आहे. पहिलीपासून त्याची शाळा मेट्रो स्टेशनात. सप्टेंबर २०२३ मध्ये महापालिकेने स्टेशनांमध्ये वर्ग बांधले, त्यातल्याच एकात तो जातो. यंदा मे महिन्यात जमिनीखाली एक अख्खी वेगळी शाळाही उघडली, पण ती आम्हाला लांब. वर्ग उबदार आहे, बाई प्रेमळ आहेत, मला तक्रारीला जागा नाही. फक्त खिडकीच्या बाहेर बघत बसल्याबद्दल बाईंचा ओरडा खाणं ह्या पोराला माहीतच नाही. घरी यावं तर इथेही लाकूडच.

फेसबुकवर शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, परत का येत नाहीस? उत्तर लांबलचक नाही. नवरा साठच्या आतला, त्याला देश सोडता येत नाही. तो हीटिंगच्या पाइपलाइन दुरुस्त करतो म्हणून सैन्यभरतीतून सूट आहे, तीही पुन्हा पुन्हा नवी करून घ्यावी लागते. सासूबाई हलणार नाहीत. आणि ह्या दोघांना टाकून मी जाणार नाही. ह्यावर कोणी "किती धाडसी गं" म्हटलं की मला वैताग येतो.

चार वाजता, अंधार पडलाच होता, सासूबाईंनी मेणबत्ती काढली. नोव्हेंबरचा चौथा शनिवार, १९३२-३३ च्या दुष्काळात मेलेल्यांचा दिवस. दुष्काळ कसला, स्टालिनच्या माणसांनी घरातलं धान्य उचलून नेलं होतं. खारकीव्ह तेव्हा सोव्हिएत युक्रेनची राजधानी. खेड्यातली माणसं भाकरी मागायला इथवर यायची आणि रस्त्यात मरून पडायची. सासूबाईंची आई तेव्हा लहान होती, लोबोदाचा पाला उकडून खाऊन जगली. लोबोदा म्हणजे आपल्या चाकवताच्या कुळातलंच, आम्ही ताक घालून चवीने खातो. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या ताटात पावाचा कण राहत नाही.

मेणबत्ती खिडकीत ठेवायची असते, बाहेरून दिसावी म्हणून. ती घेऊन त्या सवयीने स्वयंपाकघरात गेल्या, तक्त्यासमोर क्षणभर थबकल्या आणि माझ्याकडे न बघता हॉलच्या खिडकीत ठेवून आल्या.

नवरा सहाला आला. जेवताना मी म्हटलं, फक्त स्वयंपाकघराला काच, झोपायच्या खोलीला प्लायवूड राहू दे, आतून थर्माकोल लावू. सासूबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे चालेल. काचवाल्याला लगेच फोन लावला, स्पीकरवर. ह्या शहरात सध्या त्याच्याइतका मागणीतला माणूस नाही. गुरुवारी येतो म्हणाला, मापं पाठवा, निम्मे पैसे आगाऊ.

"आणि पुन्हा फुटली तर?" सासूबाईंनी मधेच विचारलं.

"जुन्या गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट, आजी."

सासूबाईंनी थोडा विचार केला. मग मला म्हणाल्या, "दोन्ही खिडक्यांची मापं दे त्याला."