एक्सएमएल शिकताना: आधी झाड, मग नेमस्पेस, बाकीचे सवडीने

वेब डेव्हलपमेंटच्या आजच्या अभ्यासक्रमांत एक्सएमएलला (टॅग लावून माहितीची रचना लिहिण्याच्या भाषेला) फारसे स्थान उरलेले नाही, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारणही नाही. सर्व्हरकडून माहिती मागवून पानावर मांडायची, एवढेच काम असेल तर ते जेसन या माहिती लिहिण्याच्या सोप्या पद्धतीने सुटसुटीतपणे होते. अडचण पुढे येते. एसव्हीजी या स्वरूपातले चित्र कोडमधून बदलायचे असते, एखादी अ‍ॅटम फीड (संकेतस्थळावरच्या नव्या नोंदींची यादी) वाचायची असते, शोधयंत्रांसाठी साइटमॅप तयार करायचा असतो, ग्राहकाने पाठवलेल्या वर्डच्या डॉक्स फाइलमधून मजकूर काढायचा असतो किंवा सोप नियमांनी चालणाऱ्या जुन्या वेबसेवेशी जुळवून घ्यायचे असते, आणि या प्रत्येक ठिकाणी एक्सएमएल समोर उभे ठाकते. अशा वेळी कोठून तरी मिळालेल्या चार ओळी चिकटवून वेळ मारून नेणारे पुष्कळ भेटतात. त्या ओळी चालल्या तर का चालल्या हे त्यांना सांगता येत नाही, आणि चालल्या नाहीत तर नेमके कोठे पाहावे हे सुचत नाही.

माझ्या मते यात दोष शिकणाऱ्यांचा कमी आणि शिकवण्याच्या क्रमाचा अधिक आहे. बहुतेक पाठ्यक्रम लेखनाच्या नियमांपासून सुरू होतात, लगेच डीटीडीकडे वळतात, मग स्कीमाच्या भल्यामोठ्या प्रकरणात शिरतात (दस्तऐवजाची रचना कशी असावी हे ही दोन्ही ठरवतात), आणि खरोखर उपयोगी पडणारा भाग येईपर्यंत वाचकाचा उत्साह मावळलेला असतो. त्याऐवजी दस्तऐवज पार्सरला (फाइल वाचून तिची रचना उलगडणाऱ्या प्रोग्रामला) कसा दिसतो ते आधी समजून घ्यावे, त्यात हवी ती जागा गाठण्यासाठी एक्सपाथ शिकावे, नेमस्पेसचा (कोणते नाव कोणत्या शब्दसंग्रहातले, याचा) प्रश्न एकदाच नीट मिटवावा आणि मग उरलेल्या मानकांकडे गरजेप्रमाणे वळावे, असे मी सुचवीन.

लेखनाच्या नियमांना खरे तर फार वेळ लागत नाही. एकच मूळ एलिमेंट (उघडणारा टॅग, बंद करणारा टॅग आणि त्यांच्यामधले सारे) असावा, उघडलेला प्रत्येक टॅग बंद व्हावा, टॅग एकमेकांत आडवेतिडवे गुंतू नयेत, अ‍ॅट्रिब्यूटची (टॅगमध्येच लिहिलेल्या गुणधर्माची) किंमत अवतरणचिन्हांत असावी आणि मजकुरात अँपरसँड किंवा डावा कोनकंस जसाच्या तसा येऊ नये, इतके पाळले की दस्तऐवज सुघटित होतो. आधीपासून ठरलेल्या एन्टिटी (अशा चिन्हांऐवजी लिहायची नावे) फक्त ५ आहेत. एचटीएमएलमध्ये सर्रास वापरली जाणारी न तुटणाऱ्या मोकळ्या जागेची एन्टिटी त्यांत नाही, आणि एचटीएमएलची सवय असलेला माणूस पहिल्यांदा हमखास अडखळतो तो इथेच.

त्याहून महत्त्वाचा आहे चुकीबद्दलचा कडकपणा. एचटीएमएल वाचताना ब्राउझर चुका सावरून घेतो; एक्सएमएलच्या पार्सरला मात्र सुघटितपणा मोडताच ती घातक चूक मानून नेहमीचे वाचन थांबवावे लागते. टिम ब्रे, जाँ पाओली आणि सी. एम. स्पर्बर्ग-मॅक्क्वीन यांच्या संपादनाखाली १० फेब्रुवारी १९९८ रोजी डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेल्या या मानकात तो नियम जाणीवपूर्वक घातलेला आहे. १९८६ चे एसजीएमएल हे आयएसओ मानक एक्सएमएलचे पूर्वज. त्यात इतक्या सवलती आणि पर्याय होते की त्याचा पूर्ण पार्सर लिहिणे भल्याभल्यांना जड जात असे, आणि एक्सएमएलने त्या सवलती छाटून टाकल्या. पुढे २००० साली एक्सएचटीएमएल १.० (एक्सएमएलच्या नियमांनी लिहिलेले एचटीएमएल) आले तेव्हा हाच कडकपणा वेब पानांना लावण्याचा प्रयत्न झाला. पण लोकांनी ती पाने साध्या एचटीएमएलच्या नावाखालीच पाठवली, इंटरनेट एक्सप्लोररने खऱ्या एक्सएचटीएमएलला २०११ च्या नवव्या आवृत्तीपर्यंत आधार दिला नाही, आणि त्यामुळे तो कडक नियम बहुतेक पानांना कधी लागूच झाला नाही.

आता दस्तऐवजाच्या झाडाकडे, म्हणजे एकाखाली एक शाखा फुटत जाणाऱ्या रचनेकडे, वळू. पुढील तुकडा पाहा. एक्सएमएलमध्ये टॅगची नावे देवनागरीत लिहिता येतात, त्यामुळे हे नमुन्यापुरते सजवलेले लेखन नसून खरोखर चालणारे एक्सएमएल आहे.

<यादी>
  <पुस्तक>
    <शीर्षक>झाडांची ओळख</शीर्षक>
    <लेखक>पहिले नाव</लेखक>
    <लेखक>दुसरे नाव</लेखक>
  </पुस्तक>
</यादी>

पुस्तक या एलिमेंटला किती अपत्ये आहेत, असे विचारले तर नवखा माणूस तीन म्हणतो. डॉमच्या (दस्तऐवजाचे झाड कोडला दाखवणाऱ्या रचनेच्या) हिशेबाने ती ७ आहेत, कारण दोन टॅगांमधली नवी ओळ आणि ओळीच्या आरंभीची मोकळी जागा हेदेखील मजकूर-नोडच (झाडातले मजकुराचे घटकच) असतात आणि असे ४ नोड तिथे आहेत. ‘पहिले अपत्य दे’ म्हटल्यावर शीर्षक न मिळता रिकामी जागा मिळते ती याच कारणाने. कोणती मोकळी जागा अर्थपूर्ण आहे आणि कोणती केवळ वाचनाच्या सोयीसाठी आहे, हे पार्सर स्वतःहून ठरवू शकत नाही, म्हणून तो सारी जागा जपून ठेवतो. एकदा हे ध्यानात आले की मजकुरात टॅग विखुरलेले आहेत हे चित्र मागे पडून नोडांचे झाड दिसू लागते, आणि पुढचे प्रत्येक मानक त्या झाडाविषयीच बोलते.

(जाता जाता: मानकाच्या २००८ मधल्या पाचव्या आवृत्तीपूर्वी टॅगच्या नावात शून्य-रुंदीचा जोडक (अक्षरे जोडणारे, पण स्वतः न दिसणारे चिन्ह) चालत नसे. देवनागरीत काही जोडाक्षरे नेमकी दिसावीत म्हणून तो लागतो, तेव्हा जुना पार्सर एखाद्या निर्दोष वाटणाऱ्या नावावर अडला तर तिकडे एक नजर टाकावी.)

या झाडात फिरण्याची भाषा म्हणजे एक्सपाथ. तिची १.० ही आवृत्ती एक्सएसएलटी १.० (एक्सएमएलचे रूपांतर करण्याची भाषा) बरोबर १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध झाली आणि ब्राउझरांत आजही तीच आहे. तिचे वरवरचे रूप फाइलच्या पत्त्यासारखे असल्याने ती सोपी वाटते. तरी एका जागी थांबून विचार करावा लागतो. वरच्या यादीत प्रत्येकी दोन लेखकांची तीन पुस्तके आहेत असे समजा. //लेखक (म्हणजे दस्तऐवजात कोठेही असलेला लेखक) असे लिहून त्याला लागून चौकटी कंसात एक हा आकडा दिला तर किती नोड मिळतील? उत्तर तीन आहे. चौकटी कंस हा सर्वांत शेवटच्या पायरीला चिकटतो, म्हणून त्या लेखनाचा अर्थ ‘आपापल्या पालकाखाली जो पहिला लेखक असेल तो प्रत्येक’ असा होतो. संपूर्ण दस्तऐवजातला पहिला लेखक हवा असेल तर (//लेखक) असा आधी गोल कंस घालून मग चौकटी कंस लावावा लागतो. हा फरक ज्याला कारणासह सांगता येतो त्याला एक्सपाथ आले असे मी मानतो. उरलेली फंक्शने हाताशी संदर्भ ठेवून पाहता येतात.

आणि मग नेमस्पेस. एक्सएमएलला वैतागून सोडून देणारे लोक बहुधा याच वळणावर सुटतात, आणि म्हणूनच इथे घाई करू नये असा माझा आग्रह आहे. जानेवारी १९९९ मध्ये आलेले हे मानक आकाराने छोटे आहे. दोन वेगवेगळ्या शब्दसंग्रहांत एकाच नावाचे एलिमेंट असू शकतात, म्हणून प्रत्येक नावाला एका यूआरआयची (ओळख पटवणाऱ्या अक्षरमाळेची) जोड द्यायची, इतकीच त्यातली मूळ कल्पना आहे. तो यूआरआय वेबपत्त्यासारखा दिसत असला तरी पार्सर तिथे काहीही आणायला जात नाही. दोन अक्षरमाळा तंतोतंत सारख्या आहेत की नाहीत, एवढेच पाहिले जाते. एसव्हीजीचा यूआरआय डब्ल्यूथ्रीसीच्या पत्त्याने सुरू होतो आणि त्यात २००० हे साल येते. त्यात शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली तरी ते एसव्हीजी राहत नाही.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. आरएसएस २.० ची फीड वाचताना ‘आयटम नावाचे सर्व एलिमेंट दे’ असा एक्सपाथ लिहिला की सगळ्या नोंदी मिळतात. तोच कोड जरासा बदलून अ‍ॅटम फीडवर चालवला आणि ‘एन्ट्री नावाचे सर्व एलिमेंट दे’ असे विचारले की शून्य नोंदी येतात. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. फाइल उघडून पाहावी तर एन्ट्री डोळ्यांसमोर ढीगभर दिसत असतात. कारण असे की आरएसएसच्या मुख्य एलिमेंटना नेमस्पेस नाही, तर अ‍ॅटमच्या मूळ एलिमेंटवर डीफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेली असते आणि ती आतल्या उपसर्ग (नावाआधी अपूर्णविरामाने जोडलेला आखूड शब्द) नसलेल्या सर्व एलिमेंटना लागू होते. एक्सपाथ १.० मध्ये मात्र उपसर्ग नसलेले नाव म्हणजे ‘कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेले’ नाव. फीडमधली एन्ट्री आणि आपण मागितलेली एन्ट्री ही त्यामुळे दोन वेगळी नावे ठरतात. उपाय म्हणून आपल्या कोडमध्ये एखादा उपसर्ग अ‍ॅटमच्या यूआरआयशी जोडायचा आणि एक्सपाथमध्ये तो वापरायचा. हा उपसर्ग आपल्या मर्जीचा असतो. फाइलमध्ये तो नसला किंवा वेगळाच असला तरी काही बिघडत नाही, कारण जुळणी उपसर्गाची नव्हे, यूआरआयची होते. नेमस्पेस न पाहता नुसत्या स्थानिक नावावरून शोधण्याची पळवाट अनेक ठिकाणी सुचवलेली आढळते. ती चालते, पण तिने नेमस्पेसचा हेतूच बाजूला पडतो, आणि पुढे दुसऱ्या शब्दसंग्रहातले तेच नाव आले की ती गुपचूप चुकीचे उत्तर देते.

जावास्क्रिप्टमध्ये एसव्हीजीचे वर्तुळ तयार करताना हाच प्रश्न दुसऱ्या वेषात येतो. नेहमीच्या क्रिएटएलिमेंटने बनवलेले वर्तुळ पानाच्या झाडात दिसते, त्याचे अ‍ॅट्रिब्यूटही बरोबर असतात, तरी पडद्यावर काहीच उमटत नाही, कारण तो एचटीएमएलच्या नेमस्पेसमधला एक अनोळखी एलिमेंट असतो. तिथे क्रिएटएलिमेंटएनएस वापरून यूआरआय द्यावा लागतो. आणखी एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे: डीफॉल्ट नेमस्पेस अ‍ॅट्रिब्यूटना लागू होत नाही; उपसर्ग नसलेला अ‍ॅट्रिब्यूट नेमस्पेसबाहेरच राहतो.

एवढे पक्के झाले की स्कीमा जड वाटत नाही. डीटीडी वाचता आली म्हणजे पुरे. नवीन लिहिण्याची वेळ क्वचितच येते. मे २००१ मध्ये शिफारस झालेल्या एक्सएमएल स्कीमात ४४ तयार साधे प्रकार आहेत आणि तारीख, संख्या वगैरे तपासण्याचे काम त्याने चोख होते. तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी मांडणी नसेल तर तो ती सरळ नाकारतो. त्याचे औपचारिक लेखन मात्र अतिशय क्लिष्ट आहे, म्हणून मानकाचाच शून्यावा भाग असलेली प्रवेशिका आधी वाचावी. स्कीमा लिहिताना आतले एलिमेंट नेमस्पेसमध्ये असतील की नाही हे ठरवणारा अ‍ॅट्रिब्यूट ‘क्वालिफाइड’ ठेवायला विसरू नये, कारण तो न लिहिल्यास उलट अर्थ धरला जातो. जेम्स क्लार्क आणि मुराता माकोतो यांची रिलॅक्स एनजी ही स्कीमाचीच दुसरी भाषा मला रचनेच्या दृष्टीने कितीतरी सरस वाटते, परंतु ज्यांच्याशी माहितीची देवाणघेवाण करायची ते बहुधा एक्सएसडीच (एक्सएमएल स्कीमाच्या फाइली) पाठवतात, आणि तिथे आपली आवडनिवड चालत नाही.

एक्सएसएलटीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे: रोजच्या कामात लागो न लागो, ते एकदा शिकावे. एकही नियम नसलेली स्टाइलशीट (एक्सएसएलटीची फाइल) चालवली तर रिकामे उत्तर येईल असे वाटते. प्रत्यक्षात दस्तऐवजातला सगळा मजकूर सलग बाहेर पडतो, कारण अंगभूत नियम झाड वरून खाली चालत जातात आणि मजकूर-नोड उतरवून काढतात. आपण लिहितो ते टेम्पलेट या चालण्यात फक्त जागोजागी हस्तक्षेप करतात. हे उमगल्यावर फॉर-ईचच्या फेऱ्या लिहिण्याची सवय आपोआप सुटते. ब्राउझर मात्र १.० आवृत्तीच्या पुढे कधी गेले नाहीत, आणि २०२५ मध्ये क्रोमने ही सोय काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. त्यामुळे हे काम सर्व्हरवर करावे. सॅक्सनसारख्या प्रोसेसरमध्ये २०१७ ची ३.० आवृत्ती वापरता येते.

बाहेरून आलेले एक्सएमएल वाचण्यापूर्वी मात्र एक गोष्ट करायलाच हवी: पार्सरमधली बाह्य एन्टिटी (दुसऱ्या फाइलमधून मजकूर आणणारी) आणि डीटीडीची सोय बंद ठेवावी. प्रत्येक एन्टिटीने आधीच्या एन्टिटीला दहादा बोलवायचे, अशा नऊ पायऱ्या रचल्या की एक किलोबाइटहूनही लहान फाइल मेमरीत अब्जावधी अक्षरांपर्यंत फुगते. बाह्य एन्टिटीचा धोका त्याहून वाईट, कारण तिच्यातून सर्व्हरवरच्या फाइली वाचता येतात. ओवॅस्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या २०१७ मधल्या धोक्यांच्या यादीत हा प्रकार चौथ्या क्रमांकावर होता. अनेक नव्या लायब्ररींत ही सोय आता मुळातच बंद असते, तरी आपल्या लायब्ररीचे दस्तऐवजीकरण पाहून खात्री करावी.

एक्सएमएल फार शब्दबंबाळ आहे, ही टीका खरी आहे. मानकाच्या दहा उद्दिष्टांपैकी शेवटचे उद्दिष्टच असे सांगते की थोडक्यात लिहिणे याला फारसे महत्त्व नाही. नोंदी आणि किमती पाठवायच्या असतील तर जेसन घ्यावे. परंतु वाक्याच्या मध्येच एखादा शब्द ठळक, दुसरा दुवा, तिसरा तळटीपेला जोडलेला असा मिश्र मजकूर जेसनमध्ये मांडून पाहा; याद्यांच्या आत याद्या घालता घालता मूळ वाक्यच वाचेनासे होते.

सरावासाठी एक फाइल सुचवतो. कोणत्याही डॉक्स फाइलची प्रत करून तिच्या नावातला शेवटचा डॉक्स हा भाग बदलून झिप करावा, ती उघडावी आणि वर्ड फोल्डरमधला डॉक्युमेंट हा दस्तऐवज पाहावा. त्यात डब्ल्यू या उपसर्गाखाली पी म्हणजे परिच्छेद, आर म्हणजे एकसारख्या रूपाचा सलग तुकडा आणि टी म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. नेमस्पेस जोडून सर्व परिच्छेद मोजणारा एक्सपाथ आधी लिहावा, मग फक्त शीर्षकशैली असलेले परिच्छेद निवडावेत, आणि शेवटी एखादा शब्द शोधून पाहावा. वर्डमध्ये सलग दिसणारा तो शब्द कित्येकदा दोन-तीन तुकड्यांत विभागलेला असतो, म्हणून एकेका टीमध्ये शोधून तो सापडत नाही. परिच्छेदातले सगळे टी जोडून मगच शोधावा लागतो.